वेळूखेडची शेजारमागणी

मंडळी, ऐका! टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाले, तुम्ही पण भाता सोडा घटकाभर, बोटांना विश्रांती द्या. आज आधी एक प्रश्न विचारणार आहे, आणि मग त्याच्या उत्तराचं आख्यान लावणार आहे.

प्रश्न असा — माणसानं मागावं कुणासाठी?

सोपं वाटलं? मग सांगा! आत्ता देवळात आलात, घंटा वाजवलीत, डोळे मिटलेत — काय मागितलंत? खोटं बोलू नका, तो मागं उभा आहे, कमरेवर हात ठेवून ऐकतोय! "माझ्या पोराला नोकरी लागू दे. माझा गुडघा बरा होऊ दे. माझ्या दारापुढचा रस्ता होऊ दे." — हो! हल्ली लोक रस्तासुद्धा देवाकडंच मागतात. नगरपालिकेकडं मागून दमले, करणार काय बिचारे! — पण 'माझ्या'शिवाय एक तरी वाक्य सुरू झालं का? शेजारच्या गल्लीत नळाला पाणी नाही, ते येऊ दे — असं कुणी म्हटलं? मावशी, तुम्ही म्हटलंत? नाही ना? अहो, हसू नका, मीही म्हटलं नाही!

पण मंडळी, असं मागणारं एक गाव होतं. होतं म्हणतोय. आहे म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं! वेळूखेड त्याचं नाव. त्या गावची ही गोष्ट, आणि त्या गावच्या अंबादास कासाराची.

वेळूखेड म्हणजे आधी बाजारपेठेचं गाव. मधून ओढा. ओढ्याच्या अलीकडं कासारआळी, पलीकडं परीटघाट. मग सूतगिरणी आली, हमरस्ता रुंद झाला, कॉलेज निघालं, आणि बघता बघता गावाचं शहर झालं. वरच्या अंगाला ओढ्यात भराव घालून बंगले उठले. त्या वसाहतीचं नाव काय ठेवलं ठाऊक आहे? रिव्हर व्ह्यू! ओढ्याला रिव्हर म्हणायला लागले की समजावं, गाव सुधारलं!

आता थट्टा राहू दे. सुधारलं ते बरंच झालं. रस्त्यावर दिवे आले, दवाखाना आला, मुली सायकलीवरून कॉलेजात जायला लागल्या. प्रगतीला नावं ठेवायला मी इथं उभा नाही. मी विचारतोय ते वेगळंच — गाव वाढलं, तेव्हा गावातलं काय आटलं?

तर ऐका. वेळूखेडची नगरपालिका झाली तेव्हा पहिल्याच सभेत जुंपली! हा म्हणे माझ्या आळीला दिवा, तो म्हणे माझ्या आळीला आधी. टेबलं वाजली, टोप्या उडाल्या. पहिले नगराध्यक्ष होते केरूमास्तर. म्हातारा शाळामास्तर, आवाज बारीक. ते उठले आणि म्हणाले, "काय रे, पंगतीला बसता तेव्हा स्वतःच्या पानात वाढा म्हणून ओरडता का? नाही ना? शेजाऱ्याच्या पानाकडं बघता आणि वाढप्याला हाक मारता — अहो, ह्यांना भात वाढा! तुमच्यासाठी दुसरा कुणीतरी हाक मारतोच. जेवणात एवढी रीत पाळता, मग कारभारात लाज कुठं जाते?"

टोप्या उचलून सगळे खाली बसले! आणि त्या दिवसापासून वेळूखेडात रीत पडली. वर्षाची अंदाजपत्रकाची सभा भरली की आपल्या आळीचं कुणी मागायचं नाही. शेजारच्या आळीचं मागायचं! चुकून तोंडातून आपल्या आळीचं नाव गेलं, तर अख्ख्या सभेला चहा पाजायचा! ह्या रीतीला लोक म्हणायचे शेजारमागणी.

आता ह्यातली गंमत बघा. मागायचं म्हणजे आधी माहीत पाहिजे. म्हणून सभा जवळ आली की प्रत्येक नगरसेवक शेजारच्या आळीतून हिंडायचा. गटारात डोकवायचा, नळाखाली हात धरायचा. बायका हटकायच्या, "या, या! हा खड्डा बघा, ह्यात आमची सासू पडली!" — "लागलं का हो त्यांना?" — "सासूला कशाचं लागतंय? खड्डाच मोठा झाला!"

आणि दुसरी गोष्ट — पक्ष नव्हता. मोठ्या निवडणुकीला ज्याचा त्याचा पक्ष असायचा, भांडणंही व्हायची. पण पालिकेच्या पायरीशी आलं की पक्ष खाली ठेवायचा. का ठेवायचा? अहो, दिल्लीत धोरण ठरतं, मुंबईत कायदा ठरतो, तिथं पक्ष लागतो, लागू दे! पण गटार तुंबलं, तर त्याला कसलं धोरण? डास चावतो तेव्हा मत कुणाला दिलं हे विचारून चावतो का?

मृदंगवाले, एक ठेका द्या! दोन ओळी म्हणतो. कुण्या संताच्या नाहीत, ह्या बापड्याच्याच मोडक्यातोडक्या आहेत —

शेजाऱ्याचे पान । आधी जो पाहतो ।
त्याचे पान भरतो । पांडुरंग ॥

झालं? ठेवा मृदंग. आता अंबादास.

अंबादास कासार! बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून अख्खं वेळूखेड पालथं घालणारा माणूस. मंडळी, कासाराच्या धंद्याचा विचार केलाय कधी? परका पुरुष, पण त्याच्या हातात घरची लेक, सून, म्हातारी विश्वासानं हात देते. हात हलका पाहिजे आणि नजर साफ पाहिजे. अंबादासाचं दोन्ही तसंच होतं. बांगडी चढवताना तो गोष्टी सांगत राहायचा, आणि बाईला कळायच्या आत हात भरलेला असायचा. मग गाव त्याला निवडून देणार नाही तर कुणाला देणार? कासारआळीचा नगरसेवक अंबादास.

आणि परीटघाटाचा नगरसेवक तुळशीराम परीट. दोघं एका शाळेतले, एका बाकावरचे. हा त्याला तुळश्या म्हणायचा, तो ह्याला अंबू. वर्षानुवर्षं काय चालायचं? तुळशीराम उठायचा आणि म्हणायचा, "कासारआळीच्या बोळात दिवा पायजे." अंबादास उठायचा आणि म्हणायचा, "परीटघाटाला पायऱ्या पाहिजेत." दिवा लागला, पायऱ्या झाल्या. दोघांनी स्वतःसाठी कधी तोंड उघडलं नाही, आणि दोघांच्या आळीत काही अडलं नाही.

एका वर्षी सभेच्या आधी अंबादास घाटावर हिंडायला गेला. तुळशीराम भट्टीपाशी होता, कपडे उकळत होते. त्यानं अंबादासाला हाताला धरून ओढ्याच्या काठाशी नेलं.

"अंबू, हे बघ."

काठ खचला होता! वरती रिव्हर व्ह्यूचा भराव पडला, ओढ्याची वाट अरुंद झाली, आणि पाणी आता यायचं ते जोरात, वळणावर येऊन घाटाची माती खायचं. भट्टीच्या मागं जमिनीला भेग पडली होती. आणि भट्टीला लागूनच परटांची सगळी घरं.

"पूर आला तर?" अंबादास म्हणाला.

"तर घाट जातो. इथं दगडी भिंत पायजे बघ. आणि तुझ्या आळीत वरच्या टोकाला पाणी चढत न्हाई, ते मी बघून आलोय. टाकी मागतो मी."

"आणि मी तुझी भिंत मागतो," अंबादास म्हणाला. "बिनघोर राहा, तुळश्या!"

ऐकलंत ना? बिनघोर राहा म्हणाला. कुणाला बिनघोर राहा म्हणणं फार जड असतं मंडळी, त्याचा घोर मग आपल्या डोक्यावर येतो!

आणि त्याच वर्षी वेळूखेडात पक्ष आले.

खरी नावं मी घेणार नाही. देवळाच्या पायरीवर त्यांचीच माणसं बसलीत आणि मला घरी जायचंय! एका पक्षाला आपण म्हणू झारेवाले आणि दुसऱ्याला चिमटेवाले. झाऱ्यानं तळून निघावं की चिमट्यानं भाजून निघावं, एवढंच काय ते गावानं ठरवायचं!

तर झारेवाल्यांचे जिल्ह्याचे साहेब गाडी घेऊन कासारआळीत आले. अंबादासाच्या ओसरीवर बसले. चहा झाला. साहेब म्हणाले, "आण्णा, तुमचं गाव आता गाव राहिलं नाही. शहर झालं! आणि शहराला उड्डाणपूल लागतो, मोठी पाणीयोजना लागते. निधी वरून येतो. वर आमचे लोक आहेत. खाली आमचा माणूस नसेल तर निधी कुणाच्या हातात द्यायचा? तुम्ही झारा घ्या. नगराध्यक्ष तुम्ही!"

अंबादास म्हणाला, "साहेब, आमच्याकडं तशी रीत नाही."

साहेब हसले. "रीत! अहो, एकमेकांच्या ताटात बघून शहरं वाढतात का?"

आता खरं सांगतो, अंबादास वाईट नव्हता. खुर्चीचा मोह थोडा होता, तो कुणाला नसतो? पण त्याला मनापासून वाटलं की गावाचं भलं होईल. पूल होईल, योजना येईल, वेळूखेडचं नाव होईल. आपण चांगलं करायलाच निघालोय, हे ज्याला पक्कं वाटतं ना, तोच सर्वांत लांबपर्यंत चुकीच्या वाटेनं जातो! चोर निदान मागं वळून तरी बघतो.

अंबादासानं झारा घेतला. मग चिमटेवाले गप्प बसतात का? त्यांनीही घराघरांत माणसं उभी केली. भावाच्या विरुद्ध भाऊ, व्याह्याच्या विरुद्ध व्याही. तुळशीरामाकडं दोघं आले. तो म्हणाला, "मी आपला मोकळाच बरा. माझ्या घाटावर सगळ्यांची धुणी येत्यात, मी कुणाचा म्हणू?" आणि परीटघाटानं दोन्ही पक्षांना झुगारून तुळशीरामाला निवडून दिलं. झारेवाल्यांचा तिथला उमेदवार असा आपटला की अनामत गेली!

साहेबांनी ते मनात ठेवलं. अंदाजपत्रकाच्या सभेच्या आदल्या दिवशी त्यांनी नव्या नगराध्यक्षांना, म्हणजे आपल्या अंबादासाला, बोलावून घेतलं. "आण्णा, आपल्या लोकांची कामं आधी. त्या घाटावर यंदा एक दगड पडता कामा नये. जरा कळू दे त्यांना, मत कुठं द्यायचं ते."

"साहेब, तिथं काठ खचलाय. मी शब्द दिलाय."

"शब्द पुढच्या वर्षी पाळा! शब्द कुठं पळून चाललाय?"

अंबादासानं चपला घातल्या. घरी आला. बायको चंद्राबाई माळा ओवत बसली होती. तिला त्याचं तोंड बघूनच कळलं. म्हणाली, "उद्या भिंत मागणार ना?"

"बघू."

"बघू काय? बघून तर आलात तुम्ही!"

अहो, बायको असावी तर अशी! मंडळी, आपल्या घरातला खरा विरोधी पक्ष तोच. बिनपगारी आणि कधीही न फुटणारा! पण त्या रात्री अंबादासानं त्या पक्षाचंही ऐकलं नाही.

सभा भरली. पालिकेचं नवं सभागृह, गुबगुबीत खुर्च्या. अंबादास वर, अध्यक्षाच्या खुर्चीत. मागच्या बाकावर पाहुणे म्हणून साहेब. अंदाजपत्रक वाचून झालं. मागण्या सुरू झाल्या. आणि काय सांगू मंडळी! पहिला झारेवाला उठला — "माझ्या वॉर्डाला रस्ता!" चिमटेवाला उठला — "माझ्या वॉर्डाला बाग!" माझ्या, माझ्या, माझ्या! चहाचा दंड कुणी घ्यायचा? सगळ्या सभेनंच पाजायचा म्हटल्यावर प्यायचा कुणी!

मग तुळशीराम उठला. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. त्यानं अध्यक्षाला हात जोडले आणि म्हणाला, "कासारआळीच्या वरच्या टोकाला पाणी चढत न्हाई. बायांना खालून घागरी न्याव्या लागत्यात. तिथं टाकी पायजे."

सभा हसली! कुणी म्हणालं, "अरे, हा अजून जुन्या जमान्यातच आहे!" शेजारच्या खुर्चीवरच्याला मात्र राहवलं नाही. तो चिमटेवाला होता, पण आतून गावचाच होता. त्यानं तुळशीरामाचा सदरा ओढला. "अरे खुळ्या, तुझा घाट चाललाय वाहून! भिंत माग की! आता कुठली आलीय रीत?"

तुळशीराम खाली बसला आणि म्हणाला, "माझ्यासाठी मागणारा वर बसलाय की."

मंडळी! माझ्यासाठी मागणारा वर बसलाय! हे वाक्य त्यानं हळू म्हटलं, पण सभागृह नवं होतं, आवाज घुमत होता. अंबादासानं ते ऐकलं.

टाकी मंजूर झाली. टाळ्या पडल्या. आणि मग सगळं सभागृह अध्यक्षाकडं बघायला लागलं, कारण जुन्या रीतीनं आता त्याची पाळी होती. तुळशीराम बघत होता. साहेब बघत होते. अंबादासानं पाण्याचा पेला उचलला, घोटभर प्याला, खाली ठेवला. फक्त उठायचं होतं हो! उठायचं, आणि चार शब्द बोलायचे — परीटघाटाला भिंत पाहिजे. एवढ्यानं काय झालं असतं? कदाचित साहेब रागावले असते. कदाचित खुर्ची गेली असती. आजवर किती खुर्च्या आल्या आणि गेल्या, कुणाच्या लक्षात तरी आहेत का?

अंबादास म्हणाला, "पुढचा विषय."

(मंडळी, इथं टाळी नको. इथं गप्प बसा जरा.)

जिन्यावर त्यानं तुळशीरामाला गाठलं. "तुळश्या, पुढच्या वर्षी नक्की. आत्ता जरा वातावरण बघ ना, तुला कळतंय..."

"व्हय," तुळशीराम म्हणाला. "तुला अडचण असंल." आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानं टोमणा मारला नाही. त्याला खरंच वाटलं की मित्राला अडचण असेल. टोमणा मारला असता तर अंबादासाला रात्री झोप तरी लागली असती!

घरी चंद्राबाईनं विचारलं, "मागितली?"

"विषय निघालाच नाही."

निघालाच नाही! अहो, काढणारा कोण होता?

पुढं उन्हाळा गेला, श्रावण गेला. टाकीचं काम झपाट्यानं झालं. भाद्रपद लागला. गौरी यायच्या म्हणजे कासाराची सुगी. अंबादास नगराध्यक्ष झाला तरी गौरीच्या आधी घाटावर बांगड्या भरायला जायचं त्यानं सोडलं नव्हतं. त्याही वर्षी गेला. साऱ्या घाटाच्या बायांनी त्याच्यापुढं हात धरले. हिरवा चुडा, लाल काठ. ओढ्याच्या खचलेल्या काठाकडं मात्र त्यानं पाहिलं नाही.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी वर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला. ओढा चढला. पूर्वी ओढ्याला पसरायला जागा होती. आता वर भराव, मध्ये वळण, आणि वळणावर उघडा घाट. पाण्यानं झारेवाल्याचं घर कुठलं, चिमटेवाल्याचं कुठलं, काही विचारलं नाही! तुळशीराम घराघरात ओरडत सुटला, "बाहेर पडा! भांडी राहू द्या, पोरं घ्या!" अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं शाळेच्या टेकाडावर पळाली. एक माणूस गेलं नाही, ही त्याची पुण्याई.

मग तो परत फिरला. बायको ओरडली, "आता कशाला?" — "भट्टीत लोकांची कापडं हाईत!" अख्ख्या गावाची गाठोडी होती हो! सणाला धुवायला दिलेली. त्यानं ती पाठीवर घेऊन बाहेर काढली, एक एक करून, छातीएवढ्या पाण्यातून. आणि त्या गडबडीत घरामागं खुंट्याला बांधलेली गाढवी सोडायची राहिली. मैना तिचं नाव. गाढवी म्हटलं की तुम्हाला हसू येतं, मला ठाऊक आहे. हसा! पण बारा महिने जिनं गावाची धुणी वाहिली, ती दावं ओढत बुडाली, आणि तुळशीराम टेकाडावरून बघत राहिला. मग घर खचलं. मग भट्टी. मग सारा घाटच नाहीसा झाला. उरल्या त्या पायऱ्या, अंबादासानंच मागून घेतलेल्या.

दुपारी नगराध्यक्ष शाळेत आले. वर्गावर्गांत परटांची बिऱ्हाडं बसली होती. तुळशीरामानं त्याला बघितलं आणि कोपऱ्यातलं गाठोडं पुढं केलं. "अंबू, तुझे सदरे हाईत ह्यात. जरा भिजलेत."

अंबादासानं ते दोन्ही हातांनी घेतलं. त्याची नजर बायांच्या हातांवर गेली. पळापळीत, धक्काबुक्कीत बांगड्या वाढल्या होत्या — सौभाग्यवतीच्या हातची बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही — सणाचा दिवस, आणि हात मोकळे! त्याला वाटलं, निदान एवढं तरी करावं. तो धावत घरी गेला, माळा घेऊन आला, आणि गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्यापुढं जमिनीवर बसला. तिच्या लग्नाचा चुडा त्याच्या बापानं भरला होता.

"आक्का, हात द्या. पैसे नकोत."

गयाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं आण्णा," ती म्हणाली. "तुमच्या हातनं आता नगं."

मग दुसरीनं हात आत घेतले. मग तिसरीनं. अख्ख्या शाळेत एका बाईनं कासारापुढं हात धरला नाही! मंडळी, नगराध्यक्षाची खुर्ची गेली तर पुन्हा मिळते. पण बाई हात देत नाही, तो कासार कसला?

आता प्रगती ऐका, प्रगती! पुरानंतर पेपरांत फोटो आले आणि वरून निधी आला. साहेबांनी शब्द पाळला, पुढच्याच वर्षी घाटावर भिंत झाली! केवढी? डोळे फिरतील एवढी! काळ्या दगडाची, वर दिवे, कडेनं फुलझाडं, चालायला फरशी. फीत कापायला कोण? नगराध्यक्ष अंबादास कासार. संगमरवरी पाटी बसली — यांच्या शुभहस्ते. भिंत अजून आहे. रिव्हर व्ह्यूतले लोक सकाळी तिथं पोटं कमी करायला फिरतात, कानात गाणी घालून. छान वाटतं म्हणतात, मोकळं आहे म्हणतात. मोकळं असणारच! भिंतीनं राखायची ती घरंच तिथं नाहीत. परीट गावोगाव पांगले. तुळशीराम लेकीच्या गावी गेला.

आणि शेजारमागणी? तिला कुणी ठराव करून काढलं नाही. नुसतं कुणी उठलं नाही. रीत मोडायला एवढं पुरतं.

पुढच्या निवडणुकीत झारेवाल्यांनी अंबादासाला तिकीट दिलं नाही. तळण संपलं की झारा पुसून ठेवतात, त्यात नवल काय! तो घरी बसला. माळा खुंटीला लागल्या. मग एके दिवशी चंद्राबाईच त्याला म्हणाली, "जा की. त्याच्याकडं जा. किती दिवस भिंतीकडं तोंड करून बसाल?"

अंबादास गेला. तुळशीरामाच्या लेकीच्या गावी, बसथांब्यापाशी इस्त्रीची टपरी होती. तुळशीराम निखाऱ्याची इस्त्री फिरवत होता. त्यानं वर बघितलं.

"अंबू! ये, ये. बस त्या पेटीवर. चहा सांगतो."

अंबादास बसला. आणि तुळशीरामानं पहिलाच प्रश्न काय विचारला असेल? माझ्या घराचं काय झालं? भरपाई मिळेल का? छे!

"काय रे," तो म्हणाला, "टाकीचं पाणी वरच्या टोकापर्यंत चढतं का? तिथल्या बायांना लई तरास हुता."

"चढतं," अंबादास म्हणाला.

"मग झालं." आणि तुळशीराम कॉलर इस्त्री करायला लागला.

अंबादासाला हुंदका फुटला. भर रस्त्यावर, म्हातारा माणूस, उपरणं तोंडात कोंबून रडायला लागला! "तुळश्या, मी उठलो नाही रे त्या दिवशी. नुसतं उठायचं होतं!"

इस्त्री थांबली नाही. "व्हय," तुळशीराम म्हणाला. "मी बघत हुतो. सभा संपस्तोवर बघत हुतो. म्हटलं, आत्ता उठंल."

"चल परत. माझ्या घरी राहा. जागा देतो."

तुळशीरामानं सदऱ्याची घडी घातली, वर दुसरी ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या घरी येऊन काय करू, अंबू? तू मला जागा देशील. पण माझ्यासाठी कोण मागंल, तो शेजार कुठनं देशील?"

बस आली. अंबादास चढला.

मंडळी, तुम्हाला वाटलं असेल शेवटी दोघं गळ्यात पडतील, मी गजर लावीन, आणि तुम्ही हलक्या मनानं प्रसाद घेऊन घरी जाल. मलाही तसंच वाटत होतं हो, गोष्ट सांगायला लागलो तेव्हा! पण काही चुकांना क्षमा मिळते आणि तरी त्या भरून निघत नाहीत. तुळशीरामानं क्षमा केव्हाच केली होती. त्यानं घाट परत आला का?

आता तुमचं. तुमच्या शहरात निवडणूक आलीय. भिंती रंगल्यात, मी येताना बघितल्या. झारेवाले येतील, चिमटेवाले येतील, आणखी एखादा उलथनंवालाही येईल! विचारतील, तुम्हाला काय पाहिजे? तुम्ही घडाघडा सांगाल — आमचं गटार, आमचा दिवा, आमचा रस्ता. आणि तो लगेच मनात हिशेब मांडेल, ही गल्ली आपली की त्यांची. अहो, तिथंच तुम्ही फसता! त्याचा हात धरा आणि त्याला पलीकडच्या गल्लीत घेऊन जा. म्हणा, आमचं राहू दे, हे आधी बघ! पक्षाचा झेंडा त्या कोपऱ्यावर गुंडाळून ठेव आणि मग आत चल! बघा त्याची कशी पंचाईत होते ते. आणि बघा, तुमच्या गल्लीसाठी कोण येतं ते.

पण त्यासाठी पलीकडच्या गल्लीत काय नाही, हे तुम्हाला माहीत पाहिजे. आहे माहीत? बोला की! तुम्ही, दादा? तुम्ही, ताई? माना खाली का घातल्यात?

बरं, राहू द्या. आरतीला अजून वेळ आहे. बसल्या जागी आपल्या शेजारी बसलेल्या माणसाकडं वळा. बायकांनी बायकांकडं, पुरुषांनी पुरुषांकडं. आणि विचारा — तुमच्याकडं काय कमी आहे हो? विचारा, मी थांबतो. आणि नाव ठाऊक नसेल, तर आधी नाव विचारा.